प्राण्यांचे फोटो काढण्याच्या खेळात मन एवढे का रमते? ('पोकेमॉन स्नॅप'विषयी)

रानवारा

१९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनचा पहिला गेम आला तेव्हा त्यात १५१ काल्पनिक जीव होते आणि खेळणाऱ्याचे त्यांच्याशी असलेले नाते ठरून गेलेले होते. गवतातून जीव समोर आला की त्याला झुंजीत दमवायचे, चेंडूत पकडायचे आणि पुढे इतरांच्या जिवांशी लढवायचे. तीन वर्षांनी, २१ मार्च १९९९ रोजी, निन्टेन्डो ६४ या कन्सोलवर 'पोकेमॉन स्नॅप' आला आणि त्यात या नात्याचा कायापालट झाला. या गेममध्ये कोणाला हरवायचे नाही आणि कोणाला कैद करायचे नाही. टॉड नावाचा तरुण छायाचित्रकार प्राध्यापक ओक यांच्या कामासाठी एका बेटावर जातो, 'झीरो-वन' नावाच्या वाहनात बसतो आणि वाटेत दिसणाऱ्या जिवांचे फोटो काढतो. वाहन आपल्या मार्गावर आपल्याच गतीने जाते. ते वळवता येत नाही आणि मागेही नेता येत नाही. एका फेरीत ६० फोटो काढता येतात. फेरी संपल्यावर प्रत्येक जिवाचा एकच फोटो निवडून प्राध्यापकांपुढे ठेवायचा असतो आणि ते त्याला गुण देतात. एकूण मार्ग सात आणि १५१ पैकी जीव ६३, एवढाच या गेमचा पसारा आहे.

मी तो पहिल्यांदा २००० सालच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला मावशीकडे गेले असताना पाहिला. मावसभावाच्या हातातला कंट्रोलर मिळावा म्हणून मी दोन दिवस त्याच्या शेजारी नुसती बसून होते, आणि आज मागे वळून पाहताना वाटते की तेव्हा मला बसून पाहण्याचा कंटाळा आला नाही, हेच या गेमचे खरे वैशिष्ट्य आहे. लढाईच्या खेळात शेजारी बसलेल्याला काही काम नसते. इथे मात्र आम्ही दोघेही सारखेच पाहत होतो. तो डावीकडे कॅमेरा धरून असायचा आणि मी ओरडायची, 'उजवीकडे बघ, उजवीकडे!' तोवर वाहन पुढे गेलेले असायचे. पुढच्या फेरीत आम्ही उजवीकडेच डोळे लावून बसायचो.

त्या काळी अमेरिकेत व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टरच्या काही दुकानांत एक यंत्र ठेवलेले असे. आपले गेमचे कार्ट्रिज घेऊन जायचे, त्यात घालायचे, आवडलेले फोटो निवडायचे आणि पैसे भरले की त्यांचे स्टिकर छापून मिळत. जपानमध्ये हीच सोय लॉसन या दुकानांत होती. समुद्रकिनाऱ्यावरच्या मार्गात सफरचंदे टाकून पिकाचूला सर्फबोर्डपर्यंत आणले की तो तिच्यावर उभा राहतो. त्या क्षणाचा आमचा फोटो थोडा तिरका आला होता, पण आम्ही तोच छापून घेतला. तो स्टिकर माझ्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर होता. मी त्या पिकाचूला पकडले नव्हते आणि तो माझा नव्हता, तरी तो फोटो माझा होता. त्या वयात हा फरक मला शब्दांत सांगता आला नसता, पण जाणवला होता हे नक्की.

पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोजवळच्या माचिदा या उपनगरात किडे गोळा करण्यात गेले आणि त्या नादातूनच पोकेमॉनची कल्पना सुचली, हे त्यांनी सांगितलेले आहे. किडे गोळा करणारे मूल खरे तर दोन कामे करत असते. आधी ते तासन्तास पाहते की कोणता किडा कोणत्या झाडावर येतो, कोणत्या वेळी येतो आणि दगड उचलल्यावर कोठे पळतो, आणि मग ते तो पकडते. मूळ गेमने यातले पकडणे उचलले. 'स्नॅप'ने पाहणे उचलले, आणि माझ्या मते या छंदाचा अधिक खोल भाग तोच आहे.

मार्ग तोच असतो, वेळापत्रक तेच असते आणि जीवही त्याच जागी येतात, तरी दहाव्या फेरीत पहिल्या फेरीपेक्षा जास्त दिसते, कारण आपली ओळख वाढलेली असते. गवतात झोपलेला स्नोरलॅक्स पहिल्या फेरीत कितीही हाका मारल्यासारखे केले तरी उठत नाही. पुढे कधीतरी बासरी हाती येते, आपण जुन्या किनाऱ्यावर परत येतो, त्याच्याजवळून जाताना ती वाजवतो आणि तो उठून नाचू लागतो. नदीच्या मार्गावर सफरचंदाच्या आशेने काठाशी आलेला स्लोपोक आपली शेपटी पाण्यात सोडतो, शेल्डर ती चावतो आणि आपल्या डोळ्यांदेखत त्याचा स्लोब्रो होतो. मूळ गेममध्ये हे रूपांतर जिवाच्या पातळीच्या आकड्यावर अवलंबून होते. इथे त्याला जागा आहे, कारण आहे आणि दुसऱ्या जिवाची गरज आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की या गेमची ओढ त्याच्या बंधनातून येते. रस्ता आपल्या हाती नाही, वेगही फारसा आपल्या हाती नाही आणि समोरचा जीव तर नाहीच नाही. आपल्या हाती उरते ती केवळ नजर, आणि त्यामुळे सगळे लक्ष त्या नजरेत येऊन साठते. आपल्यापैकी ज्यांनी १९९९ चा किंवा २०२१ चा 'न्यू पोकेमॉन स्नॅप' खेळला आहे, त्यांना यात काय धरून ठेवते हे जाणून घ्यायला मला आवडेल.

दगडफूल

लेख आवडला, परंतु मी गेली अनेक वर्षे फोटोग्राफी करत असल्यामुळे एका मुद्द्यावर मला आपल्याशी वाद घालावासा वाटतो. आपण नजरेचे जे कौतुक केले आहे, त्या नजरेला हा गेम शेवटी फार अरुंद मापाने मोजतो. प्राध्यापक ओक काय पाहतात? जीव चौकटीत किती मोठा दिसतो, त्याचे तोंड आपल्याकडे आहे का, त्याची पोझ काय आहे आणि तो मधोमध आहे का. मधोमध असेल तर गुण थेट दुप्पट होतात. म्हणजे कॅमेरा हातात घेतल्यावर पहिल्याच महिन्यात शिकवणारा जी सवय मोडायला सांगतो, तीच सवय इथे बक्षीस मिळवून देते. पक्षी एका बाजूला ठेवून तो ज्या दिशेला पाहतो आहे तिकडे मोकळी जागा सोडलेला फोटो घेऊन गेलात, तर प्राध्यापक ती मोकळी जागा आपल्या चुकीत जमा करतात.

मला याचा इतका त्रास झाला की काही दिवस मी गुणांसाठी एक आणि स्वतःसाठी एक असे दोन दोन फोटो काढत होतो. ६० फोटोंच्या मर्यादेत ते परवडत नाही.

पाणकावळा

दगडफूल, आपला आक्षेप मला कलेच्या बाजूने पटतो, पण प्राध्यापक ओक हे कलेचे परीक्षक नाहीत, ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक आहेत. पक्षीनिरीक्षकांच्या गटात एखादा फोटो ओळख पटवण्यासाठी टाकला जातो, तेव्हा जाणकार मंडळी मोकळ्या जागेचा विचार करत नाहीत. चोच दिसते का, पायांचा रंग दिसतो का, पंखावरची पट्टी स्पष्ट आहे का, एवढेच ते विचारतात. त्या दृष्टीने मोठा, समोरून घेतलेला आणि मध्यभागी असलेला फोटो हाच उपयोगाचा असतो. एकाच जातीचे आणखी जीव चौकटीत असतील तर त्याचेही गुण मिळतात, कारण ती थव्याची किंवा कळपाची नोंद असते. हे दस्तऐवजाचे माप आहे आणि टॉडला बोलावलेही आहे त्याच कामासाठी.

रानवारा यांनी बंधनाबद्दल जे लिहिले आहे, ते वाचताना मला ताडोबा आठवत राहिले. मी गेली बारा-तेरा वर्षे तिथे जातो. जिप्सी ठरलेल्या रस्त्यावरूनच जाते, खाली पाय ठेवता येत नाही, फाटकातून ठरलेल्या वेळेला आत जायचे आणि ठरलेल्या वेळेला बाहेर पडायचे. पहिल्या सफारीत मी फक्त वाघ शोधत होतो आणि वाघ दिसला नाही म्हणून मला काहीच दिसले नाही. चौथ्या-पाचव्या वेळी कळू लागले की वानर कोणत्या दिशेला तोंड करून ओरडते आहे ते पाहावे, चितळाचा कॉल एकदाच आला की थांबून थांबून येतो आहे ते ऐकावे. रस्ता तोच होता, जंगलही तेच होते. म्हणून मला वाटते की पहिल्या फेरीत न दिसलेले दहाव्या फेरीत दिसणे ही या गेमच्या रचनाकारांनी केलेली करामत असली, तरी ती खऱ्या जंगलाच्या फार जवळची आहे.

मात्र एक गोष्ट मला खटकते आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. सफरचंदे फेकणे एक वेळ सोडून देऊ, पण या गेममध्ये पुढे एक धुराचा चेंडू मिळतो. तो जिवाच्या अंगावर फेकायचा, तो चिडला किंवा भोवळून पडला की फोटो काढायचा आणि त्या फोटोला गुण घ्यायचे. लाव्हाच्या काठावर उभ्या असलेल्या चारमिलियनला चेंडू मारून आत पाडले की तो चारिझार्ड होऊन बाहेर येतो, म्हणजे त्रास दिल्याचे बक्षीसही मोठे असते. घुबडाच्या ढोलीवर खडे मारून ते बाहेर आल्यावर फोटो काढणारी माणसे मी प्रत्यक्ष पाहिली आहेत. तो प्रसंग आठवला की मला हा चेंडू खेळातसुद्धा फेकवत नाही.

जुना_खेळगडी

या गेमच्या जन्माची एक हकीकत इथे सांगण्यासारखी आहे, कारण ती मूळ प्रश्नाला थेट जाऊन भिडते. हा गेम हाल लॅबोरेटरी या कंपनीत तयार झाला आणि त्या काळात तिचे अध्यक्ष सातोरू इवाता होते, जे पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. इवातांनी नंतर एका मुलाखतीत सांगितले होते की सुरुवातीला हा पोकेमॉनचा गेम नव्हताच. तो फोटो काढण्याचा एक साधा गेम होता आणि खेळणाऱ्याने फोटो का काढावेत याचे उत्तर त्यात सापडत नव्हते. लोकांना कशाचे फोटो काढायला सर्वांत जास्त आवडतील असा विचार करता करता मग पोकेमॉनची कल्पना आली.

यातून मला असे दिसते की कॅमेऱ्याला आधी ओढ हवी असते. १९९९ साली जपानमधल्या मुलांनी हे जीव तीन वर्षे गेम बॉयच्या छोट्या पडद्यावर राखाडी ठिपक्यांत पाहिले होते, पत्त्यांवर पाहिले होते आणि टीव्हीवर पाहिले होते. पण एखादा पिजी झाडावरून उडाल्यावर कोठे जाऊन बसतो, डोडुओ धावताना कसा दिसतो, हे त्यांना स्वतः मान वळवून कधी पाहता आले नव्हते. ज्याला आपण नावाने ओळखतो तो जीव प्रथमच आपल्यासमोर श्वास घेताना दिसणे, ही त्या गेमची पहिली भेट होती. अनोळखी जिवांचे फोटो काढायला लावणारे गेमही पुढे आले. २०२० चा 'पेन्को पार्क' हा मला त्यातला चांगला वाटतो. ओसाड पडलेल्या उद्यानातले विचित्र जीव त्यात आहेत आणि तिथे ओळखीची जागा कुतूहल घेते. पण ते कुतूहल प्रत्येक वळणावर नव्याने निर्माण करावे लागते, हे खेळताना जाणवते.

ठरलेल्या मार्गाबद्दल आणखी एक सांगतो. त्या काळच्या कन्सोलची ताकद पाहता खेळणाऱ्याला हवे तिकडे फिरू देणारे आणि तरीही जिवंत वाटणारे बेट उभे करणे फार कठीण होते. वाहन कोणत्या क्षणी कोठे असेल हे आधीच ठाऊक असले, की त्या क्षणापुरते मोजके जीव समोर आणून त्यांच्या हालचालींवर मन लावून काम करता येते. गुहेतल्या मार्गावर कॉफिंग हे जिगलीपफच्या मागे लागलेले असतात. तिन्ही जिगलीपफना वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी वाचवले, तर त्या शेवटी एका मंचावर एकत्र येऊन गातात. मोकळ्या जगात हे घडवायचे तर खेळणारा नेमका त्या वेळी त्या जागी असेल याची खात्रीच देता आली नसती.

वाळूशिंपले

मला येथे विरुद्ध मत नोंदवायचे आहे. मी हा गेम इतक्या लोकांकडून ऐकला होता की जून २०२२ मध्ये तो निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलच्या ऑनलाइन सदस्यत्वात आला त्याच आठवड्यात खेळायला घेतला आणि एका रविवारी संपवला. सात मार्ग आहेत आणि प्रत्येक मार्ग काही मिनिटांचा आहे. पहिल्या सहा मार्गांवर दडलेली, पोकेमॉनच्या आकाराची सहा चिन्हे सापडली, म्हणजे डोंगराचा डगट्रिओसारखा आकार, धुरातला कॉफिंग वगैरे, की शेवटचा मार्ग उघडतो, तिथे म्यू हा दुर्मीळ जीव भेटतो आणि काम संपते. त्या काळी पूर्ण किंमत देऊन ज्यांनी हे कार्ट्रिज घेतले असेल, त्यांना फसल्यासारखे वाटले नसेल का? बालपणीच्या आठवणींचा रंग काढून घेतला तर यात किती उरते, हा प्रश्न मी प्रामाणिकपणे विचारतो आहे.

रानवारा

वाळूशिंपले, प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आठवणींवर ढकलून मी मोकळी होणार नाही. गेम लहान आहे, हे खरेच आहे. तुम्ही तो शेवटपर्यंत पोहोचण्यासाठी खेळलात आणि शेवट एका रविवारच्या अंतरावर होता. आम्ही त्या उन्हाळ्यात एकच दरीचा मार्ग तीन दिवस पुन्हा पुन्हा केला, कारण तिथल्या मॅजिकार्पला मँकी लाथ मारून डोंगरापलीकडे उडवतो हे दिसले होते आणि तो पुढे कोठे पडतो हे आम्हाला शोधायचे होते. तो पुढे धबधब्यापाशी सापडतो आणि पाण्यात पडला की त्याचा ग्याराडोस होऊन उसळतो. म्यूच्या फोटोपेक्षा मला तो क्षण जास्त आठवतो, कारण आधीच्या घटनेशी त्याचा धागा आम्ही स्वतः जोडला होता. आज हे सगळे शोधायला दोन मिनिटे लागतात आणि ते आधी वाचून खेळायला बसले तर गेम खरोखरच रिकामा वाटतो. तुम्ही वाचून खेळलात असे मी म्हणत नाही, परंतु म्यूपर्यंत पोहोचायचे या एकाच उद्देशाने गेल्यावर गुहेतल्या त्या तिघींचे गाणे तुम्हाला ऐकायला मिळाले का, हे मला विचारावेसे वाटते.

दगडफूल आणि पाणकावळा यांच्या वादात मी थोडी दोघांकडे आहे. माप दस्तऐवजाचे आहे हे मान्य, पण तसे असेल तर त्या मापात वागणुकीला सर्वांत जास्त वजन हवे होते.

वाळूशिंपले

गाणे ऐकायला मिळाले नाही. एक जिगलीपफ मंचावर दिसली होती, पण बाकीच्या दोघींना वाचवायचे असते हे मला ठाऊक नव्हते. पुन्हा जाऊन पाहतो.

मुक्ता_ना

माझी नऊ वर्षांची मुलगी २०२१ चा 'न्यू पोकेमॉन स्नॅप' खेळते आणि मी शेजारी बसून पाहते, त्यामुळे रानवारा यांच्या पहिल्या परिच्छेदांशी मी लगेच जोडले गेले. हा नवा गेम ३० एप्रिल २०२१ रोजी आला आणि तो बांदाई नामको स्टुडिओजने बनवला आहे. त्यात लेंटल नावाचा प्रदेश आहे, दोनशेहून अधिक जीव आहेत, एकच मार्ग दिवसा वेगळा आणि रात्री वेगळा दिसतो, आणि टॉड त्यात मोठा झालेला भेटतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन नव्या जागा आणि वीस जीव विनामूल्य मिळाले.

वागणुकीबद्दल आपण जे म्हटले आहे, ते या गेममध्ये थोडे दुरुस्त झाले आहे. प्रत्येक जिवाच्या पानावर एक ते चार ताऱ्यांच्या चार जागा असतात आणि तारे मिळतात ते त्या वेळी जीव काय करत होता यावर. गवत खाणाऱ्या जिवाचा फोटो एका ताऱ्याचा असेल, तर क्वचितच घडणाऱ्या प्रसंगाचा चार ताऱ्यांचा. आकार, दिशा, जागा, पार्श्वभूमी यांचे गुण वेगळे मोजले जातात. त्यामुळे माझी मुलगी आता 'हा मोठा आला का' असे विचारत नाही, 'हा काय करतोय' असे विचारते, आणि मला ही मोठी गोष्ट वाटते. एक दोष मात्र राहिला आहे. एका फेरीत एका जिवाचा एकच फोटो देता येतो, त्यामुळे त्याच फेरीत तीन ताऱ्यांचा आणि चार ताऱ्यांचा असे दोन्ही प्रसंग टिपले तरी एक सोडून द्यावा लागतो. तिला ते दर वेळी मनापासून वाईट वाटते.

पाणकावळा यांनी लिहिलेल्या मुद्द्यावर मला घरचा अनुभव सांगायचा आहे. नव्या गेममध्ये तो धुराचा चेंडू नाही. त्याच्या जागी एक प्रकाशगोल आहे, ज्याने जीव आणि काही फुले उजळतात, आणि एक मऊ फळ आहे, जे लागले तरी इजा होत नाही असे गेममध्ये मुद्दाम सांगितले जाते. तरीही गेल्या डिसेंबरात आम्ही गेटवेवरून लाँचने मांडव्याला जात होतो, भोवती कुरव पक्षी उडत होते, लोक त्यांना वेफर्स आणि शेव फेकत होते आणि पक्षी अगदी हाताजवळ आल्यावर फोटो काढत होते. मुलीने माझ्याकडे पाकीट मागितले. मी नाही म्हटले तेव्हा तिने विचारले, 'गेममध्ये तर फळ टाकतातच ना?' तिच्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. मी तिला एवढे सांगितले की हे पक्षी फार दुरून येतात, त्यांचे अन्न मासे आणि किडे आहे, तळलेले मीठ लावलेले पदार्थ त्यांच्या पोटाला चालत नाहीत, आणि गेममधल्या जिवाच्या पोटात मात्र काहीच जात नाही. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, 'मग मी ते मासे पकडतानाच काढते.' मांडवा येईपर्यंत तिला तसा एकही फोटो मिळाला नाही. परतीच्या प्रवासात ती पुन्हा कठड्याशी उभी राहिली.

पाणकावळा

मुक्ता, आपल्या मुलीने जे केले ते माझ्या ओळखीतल्या अनेक मोठ्या कॅमेरेवाल्यांना जमलेले नाही. धुराचा चेंडू नव्या गेममधून काढला आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि ते वाचून मनापासून बरे वाटले. माझा आक्षेप मी जुन्या गेमपुरता मर्यादित करतो.

दगडफूल

फळाच्या संदर्भात एक पूरक माहिती. २००८ साली प्लेस्टेशन ३ वर 'आफ्रिका' नावाचा गेम आला होता, ज्यात आपण आफ्रिकेच्या माळरानावर खऱ्या प्राण्यांचे फोटो काढतो. तिथे कामे ईमेलने येतात, त्यांचे पैसे मिळतात, आणि फार जवळ गेलात तर प्राणी अंगावर येतो. त्यात गवतात दबकून थांबण्याचे महत्त्व होते. २०२० च्या 'आल्बा' या गेममध्ये तर भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरची लहान मुलगी फोनवर पक्षी-प्राणी टिपते आणि तिथल्या राखीव जागेवर होऊ घातलेले हॉटेल थांबवण्यासाठी गावकऱ्यांच्या सह्या गोळा करते. म्हणजे फोटो कशासाठी काढायचा या इवातांना पडलेल्या प्रश्नाचे वेगळे उत्तर तिथे मिळते.

मापाबद्दल पाणकावळा यांचे म्हणणे मी मान्य करतो. ओक यांच्याकडून मी जे मागत होतो, ते त्यांचे कामच नव्हते.

वाळूशिंपले

काल रात्री गुहेत परत गेलो. तिघींनाही वाचवायला चार फेऱ्या लागल्या, कारण दुसरीकडे लक्ष ठेवताना तिसरी निसटत होती. गाणे ऐकले. त्याच फेऱ्यांमध्ये आणखी एक दिसले, जे त्या रविवारी माझ्या पूर्ण नजरेआड झाले होते. तिथे बसलेले बल्बासॉर खरे बल्बासॉर नाहीत, चेंडू लागला की ते डिट्टो होतात. पाणकावळा यांची क्षमा मागून सांगतो, की हे मला चेंडूनेच कळले. गेम लहान आहे हे माझे मत कायम आहे, परंतु त्यात काही उरत नाही हे मत मी मागे घेतो.

रानवारा

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी एक प्रयोग केला. किनाऱ्याच्या मार्गावर एकही वस्तू न फेकता, बासरीसुद्धा न वाजवता, एक पूर्ण फेरी केली. इतक्या वर्षांत मी असे कधीच केले नव्हते. हात मोकळे राहिल्यामुळे वाहनाच्या अगदी जवळच्या गोष्टींवरून नजर उठली आणि मी समुद्राकडे पाहत राहिले. डोडुओ धावत गेला, बटरफ्री आपल्या नादात उडत होते, स्नोरलॅक्स झोपलेलाच राहिला आणि पिकाचू सर्फबोर्डकडे फिरकला नाही. दूर पाण्यात लॅप्रस होता. मी त्याचा एक फोटो काढला, त्यात तो नखाएवढा दिसतो आणि बाकी सगळा समुद्रच आहे.

प्राध्यापकांनी अपेक्षेप्रमाणे आकार फार लहान असल्याचे सांगून अगदी थोडे गुण दिले. दगडफूल, तो फोटो मी माझ्या अल्बममध्ये ठेवला आहे, आणि लॅप्रस डावीकडे पाहत असल्यामुळे डावी बाजू मोकळी सोडली आहे.